इंजिनाच्या पलीकडची जागा

सोमवार, ४ फेब्रुवारी

कप्तानसाहेबांच्या गाडीचं इंजिन कायमचं गेलं, हे आज ठरलं. खरं तर ते मागच्याच आठवड्यात गेलं होतं, पण बाबांनी मान्य आज केलं. ब्लॉकला गेलेली भेग मी बोट फिरवून दाखवली. बाबांनीही तिच्यावरून बोट फिरवलं आणि फडक्याला हात पुसत म्हणाले, "वेल्डिंग नाही धरणार. दुसरं शोधावं लागेल."

शोधायचं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. गाडी दोन माणसांची, बुटकी, लाल, बिनछपराची. ती बनवणारी कंपनी माझ्या जन्माआधीच बंद पडली. नवं इंजिन मिळणारच नाही. कुठल्यातरी मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेलं, पण अजून धडधाकट असलेलं, असं शोधायचं.

कप्तानसाहेब बोटीवरून निवृत्त झालेले. बाबांनी गॅरेज उघडलं तेव्हाचं पहिलं गिऱ्हाईक. मिशा इतक्या मोठ्या की तोंड दिसतच नाही, आवाज मिशांतूनच आल्यासारखा येतो. म्हणाले, "तुमचा कान हो म्हणेल ते इंजिन आणा. मला विचारू नका." बाबांनी मान हलवली. साहेब काहीही बोलले की बाबा हल्ली नुसती मान हलवतात. एवढा आदर मी दुसऱ्या कुणाचा करताना त्यांना पाहिलं नाही.

सगळा बाजार बाबांना 'कानवाले' म्हणतो. लाकडी दांड्याचं एक टोक चालू इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि आतला कुठला भाग आजारी आहे ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. पण समोरच्या रस्त्यावर नवं गॅरेज झालंय. तिथे संगणक लावून गाड्या तपासतात. आमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. बाबा म्हणतात, संगणकाला कान नसतात. या गाडीचं काम बिघडलं तर उरलेली निम्मीही जातील, हे मात्र ते म्हणत नाहीत. ते मी म्हणतो. मला काळजी कशाचीही लागते.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

टॅक्सीवाले काका आले. "अहो कानवाले, चढावर काहीतरी कुरकुरतंय हिच्यात."

बाबांनी बोनेट उघडलं आणि मला म्हणाले, "पलीकडे उभा राहा, माझ्यासमोर. उजेड अडवू नकोस."

हे ते नेहमीच म्हणतात. खरं तर उजेड माझ्या बाजूने येतच नाही. दार बाबांच्या पाठीशी आहे, सगळा उजेड माझ्या तोंडावर पडतो. पण सांगितलं की मी उभा राहतो. दांडा ते हल्ली कानाला न लावता दातांत धरतात. मी विचारलं होतं, तर म्हणाले, हाडातून जास्त खोलवरचं कळतं.

काकांनी रेस दिली. मला वरच्या बाजूला, डावीकडे, बारीक सुई टोचल्यासारखं झालं. बाबा म्हणाले, "वरचं आहे. डावीकडचं. टॅपेट बघ." उघडलं तर टॅपेटच.

मला नुसतं टोचतं, नाव त्यांना सुचतं. मी नववीत शाळा सोडून गॅरेजात आलो तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "तुझे हात चांगले आहेत. कान नाही." तेव्हापासून मी हातांच्याच भरवशावर आहे. बोल्ट धुऊन, पुसून, तेल लावूनच बसवतो. ताई म्हणते, तू शब्दसुद्धा रॉकेलमध्ये धुऊन लिहितोस. शब्दकोश तिनेच दिलाय. त्यात बघितल्याशिवाय मी शंकेचा शब्द लिहीत नाही.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

पहिलं इंजिन पाहिलं. एका गोदामात, ताडपत्रीखाली. बाहेरून छान होतं. मालकाने चालू केलं मात्र, मला दाढ दुखल्यासारखं झालं. बाबांनी दांडा काढून घेतला आणि म्हणाले, "नको."

मालक माझ्यावरच उखडला. "पोराला सौद्याला घेऊन येत जाऊ नका हो! याचं तोंड म्हणजे उघडं दुकान. याने तोंड वाकडं केलं तेव्हाच मी समजलो, गिऱ्हाईक गेलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसमध्ये मी बाबांना म्हटलं, "चुकलं माझं. यापुढे सांभाळीन." ते खिडकीबाहेर बघत राहिले. रागावले असावेत.

बुधवार, १३ फेब्रुवारी

जेवताना ताईला गोदामाची हकिकत सांगितली. ती एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. दिवसभर घासाघीसच करते.

"अरे बावळटा," ती म्हणाली, "माल आवडला तरी कोरा चेहरा, नावडला तरी कोरा चेहरा. विकणारा मालाकडे बघत नसतो, तुझ्याकडे बघत असतो."

मग तिने माझी शिकवणीच घेतली. माझ्या वाटीत गुपचूप चमचाभर मीठ घातलं आणि म्हणाली, खा, आणि तोंड हलवू नकोस. पहिल्या घासाला माझा एक डोळा मिटला. दुसऱ्याला भुवया गेल्या. आई हसून हसून बेजार. तिसऱ्या घासाला मात्र मी भिंतीसारखा बसलो. ताई म्हणाली, "शाबास! आता हप्ते वसूल करणाऱ्यालाही तुझ्या तोंडावरून काही कळणार नाही. इंजिन बघायला जाशील तेव्हा हे मीठ आठव."

बाबा समोरच जेवत होते. एवढा गोंधळ झाला पण ते एक अक्षर बोलले नाहीत, ताटातून मान वर केली नाही. म्हणजे त्यांनाही पटलं असणार. नंतर आईने त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना भात हवा का विचारलं. आई हल्ली बाबांशी दंडाला हात लावल्याशिवाय बोलत नाही. या वयात एवढी माया बघून बरं वाटतं.

शनिवार, २३ फेब्रुवारी

इंजिन घेतलं. सगळं क्रमाने लिहितो.

शहराबाहेर जुन्या गाड्या सुट्या करून विकणाऱ्या एका दाढीवाल्याचं आवार आहे. फोन मीच केला होता. फोन सगळे मीच करतो, बाबांना त्याचा कंटाळा आहे. मी बजावलं होतं की आम्ही यायच्या आधी इंजिन चालू करायचं नाही. गेल्या गेल्या हात लावून पाहिला, थंड होतं. दाढीवाल्याने ते लोखंडी घोडीवर बसवून ठेवलं होतं. तेलाची कांडी काढली, पुसली, परत घातली. प्लग उघडून पाहिले. सगळं स्वच्छ. मला ते फार आवडलं, पण मीठ आठवलं आणि गप्प राहिलो.

बाबा वाकून बघत होते. दाढीवाला मागून म्हणाला, "चहा सांगू का, कानवाले?" बाबा बोलले नाहीत. त्याने परत विचारलं. मी म्हटलं, "कामात असले की त्यांना भान नसतं."

थोड्या वेळाने दाढीवाल्याच्या हातून पाना निसटला आणि बाबांच्या मागेच पत्र्यावर आदळला. मी अर्धा फूट उडालो. बाबांची पापणीसुद्धा लवली नाही. एकाग्रता म्हणजे काय, ती तिथे बघावी. दाढीवालाही बघतच राहिला. पाना उचलायचंही विसरला.

मग एकदम मऊ झाला. मला म्हणाला, "एवढ्या जाणकार माणसाला हा बाहेरचा माल काय दाखवायचा? आत एक खास ठेवलंय." मला वाटलं, बाबांच्या नावाचा हा परिणाम.

आतलं इंजिन रंगवून चकचकीत केलेलं होतं. तेल नवं, पण फारच घट्ट, काकवीसारखं. चालू केलं. आवाज सुरेख, गोल. दाढीवाल्याने रेस दिली, तेव्हाही छान. पण त्याने रेस सोडली आणि तेवढ्यात खालून, फार खालून, बंद दाराआड कुणी बोटाच्या पेराने टकटक करावं तसं काहीतरी झालं. माझं तोंड वाकडं होणार, इतक्यात मी ताईचं मीठ आठवलं आणि भिंत झालो.

मी नेहमीच्या जागी, इंजिनाच्या पलीकडे उभा होतो. दांडा दातांत धरून बाबा माझ्याकडे बघत होते. परत रेस द्यायला खूण केली. परत टकटक. परत माझ्याकडे. एवढा वेळ त्यांनी कधी लावला नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आपल्यामुळे पुन्हा सौदा बिघडू नये म्हणून मी आणखीच कोरा झालो. असं तोंड मला आयुष्यात जमलं नव्हतं.

शेवटी बाबांनी दांडा खाली घेतला. "हेच घेऊ."

"वा!" दाढीवाला म्हणाला. "पारख असावी तर अशी. एकदा गेलेला माल परत घेत नाही मी, पण तुम्हाला ते सांगायची गरजच नाही."

टेंपोत मी विचारलं, "रेस सोडताना खालून काही वाटलं का हो?" बाबांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. खूश दिसले. मला कान नाही, हे मी लक्षात ठेवायला हवं. कानवाल्यांनी दोनदा ऐकून जे पास केलं, त्यात खोट काढणारा मी कोण?

मंगळवार, ५ मार्च

इंजिन बसलं. चेनवर लटकवून हळूहळू खाली सोडलं. बाबा एका बाजूने, मी दुसऱ्या. एकही बोल्ट हातोडीने ठोकावा लागला नाही. कप्तानसाहेब खुर्ची टाकून बसले होते, एखादं बाळंतपण चालू असल्यासारखे.

चालू करायला मी आत बसलो. बोनेट उघडं असल्याने मला बाबा दिसत नव्हते, त्यांना मी. इंजिन पहिल्या फिरकीत चालू झालं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी पाय उचलला की मला ते दार ठोठावणं ऐकू येत होतं. उतरून बाबांना हळूच विचारलं, "रेस सोडताना ऐकलंत का?"

"हो, हो," ते म्हणाले, "पुरेल तेवढं पेट्रोल."

साहेबांसमोर तो विषय काढू नये, असं त्यांना सुचवायचं असावं. मी बोनेट लावलं.

रविवार, १० मार्च

इंजिन गेलं.

सकाळी बाबा म्हणाले, साहेबांना द्यायच्या आधी आपण दोघं एक फेरी मारू. गाडी ते चालवत होते, मी शेजारी. शहराबाहेरच्या सरळ रस्त्याला लागलो. छप्पर नाही, त्यामुळे वारा तोंडावर. बाबांचे उरलेसुरले केस उभे राहिले होते आणि ते हसत होते. मी त्यांना असं हसताना शेवटचं कधी पाहिलं ते आठवेना.

टकटक वाढत गेली. आता रेस सोडताना नाही, सतत. पेर नव्हतं ते, मूठ होती. मी म्हटलं, "बाबा, थांबा." ते समोर रस्त्याकडे बघत होते. मी ओरडलो, "बाबा! गाडी थांबवा!" वाऱ्यात गेलं असेल म्हणून अगदी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो. ते हसतच होते. त्यांनी आणखी वेग दिला.

का कोण जाणे, मी आई करते तसं केलं. त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड कसं झालं होतं मला माहीत नाही. त्यांनी पाहिलं मात्र, आणि तत्क्षणी पाय उचलला. पण तोवर आत काहीतरी तुटलं आणि ब्लॉक फोडून बाहेर आलं. गाडी आपल्याच धुरात घरंगळत जाऊन थांबली. मागे रस्त्यावर तेलाचा काळा पट्टा.

मी खाली वाकून पाहिलं. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं होतं, रॉडने ब्लॉकला मुठीएवढं भोक पाडलं होतं. बाबा उतरले नाहीत. दोन्ही हात चाकावर ठेवून बसले होते.

"तिथे ऐकू आलं होतं तुला?"

मी मान हलवली.

"मग तिथे तोंड का नाही वाकडं केलंस?"

मी सांगायला लागलो. ताईचं, मिठाचं, गोदामवाल्याचं. ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. माझ्या ओठांकडे बघत होते.

सोमवार, ११ मार्च

आईला विचारलं, कधीपासून?

ती कपड्यांच्या घड्या करत होती, थांबली नाही. "बरीच वर्षं ऐकणं कमी होत होतं. गेल्या वर्षी पार गेलं. आतली नस आहे म्हणे, डॉक्टरांनी मशीन सुचवलं होतं. हे म्हणाले, कानवाल्याच्या कानात मशीन दिसलं तर बाजार काय म्हणेल?"

"मला का नाही सांगितलंस?"

आता ती थांबली. "अरे, तुझ्यावरच तर चाललं होतं सगळं. मला वाटलं, तुम्हा दोघांचं ठरलंय."

ताईला कळलं तेव्हा ती आधी हसली, थट्टा समजून. मग उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

दाढीवाल्याच्या हातून तो पाना निसटला नव्हता.

शनिवार, १६ मार्च

आज कप्तानसाहेब आले. काय बोलायचं ते मी घोकून ठेवलं होतं. म्हटलं, "साहेब, इंजिन घेताना त्यात आवाज होता. मला आला होता ऐकू. मी बोललो नाही. चूक माझी आहे."

ते भेगाळलेल्या पहिल्या इंजिनाकडे आणि फुटलेल्या दुसऱ्याकडे पाहत राहिले. मग बाबांकडे वळून मिशांतून म्हणाले, "आणि तुम्हाला? तुम्हालाही आला होता?"

बाबांनी मान हलवली. हो.

साहेबांचं तोंड मिशांआड कसं झालं ते मला दिसलं नाही. डोळे दिसले. "आला होता. आणि तरी माझ्या गाडीत बसवलंत."

बाबांनी परत मान हलवली. नेहमीसारखीच, आदराने.

मी तेव्हा बोलू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. बाबांना लबाड ठरू द्यायचं की बहिरे, एवढंच मला निवडायचं होतं. बाबा माझ्याकडे बघत होते, काय चाललंय ते कळावं म्हणून. आणि मी कोरा चेहरा करून उभा राहिलो. आता तो मला न ठरवताही येतो.

दुपारी टेंपोवर घालून गाडी समोरच्या गॅरेजात गेली. पैशांचं साहेब एक अक्षर बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. जाताना बाबांनी त्यांना हात जोडले. साहेबांनी ते पाहिले, पण त्यांचे हात खिशातच राहिले.

संध्याकाळी मी बाबांना सगळं लिहून दाखवलं, साहेबांनी काय विचारलं आणि त्यांनी कशाला हो म्हटलं ते. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं." मग कागदाची घडी करून खिशात घातली.

बुधवार, ३ एप्रिल

दाढीवाल्याकडे मी एकदा जाऊन आलो. त्याने चहा दिला. इंजिनाचा विषय त्याने काढला नाही, मी काढला तेव्हा म्हणाला, "कानवाल्यांनी दोनदा ऐकून घेतलंय, भाऊ. आता मी काय बोलणार?" मी कप खाली ठेवून उठलो. येताना ते बाहेरचं इंजिन दिसलं, जे मला आवडलं होतं. त्यावर 'विकले' अशी पाटी होती.

बाबा रोज गॅरेजात येतात, पण दारापाशी स्टुलावर बसतात. दांडा खुंटीला आहे. बाजारात काय बोललं जातं ते मला ऐकू येतं, त्यांना नाही, एवढं एक बरं आहे. दिवसचे दिवस कुणी येत नाही.

आज टॅक्सीवाले काका आले. त्यांच्या कानावर काय गेलंय ते त्यांनी सांगितलं नाही, पण बाबांना हाक मारली ती आधीसारखीच, मोठ्याने. "अहो कानवाले, आता पुढून घरघरतंय!"

बाबा उठले नाहीत. मी त्यांच्याकडे गेलो, दंडाला हात लावला आणि बोनेटकडे बोट दाखवलं. ते आले, आपल्या जागी उभे राहिले. मी पलीकडे, माझ्या जागी. दार त्यांच्या पाठीशी, उजेड माझ्या तोंडावर. काकांनी रेस दिली. मला टोचलं, आणि या वेळी मी काही लपवलं नाही. कपाळ, डोळे, ओठ, सगळं जसं जाईल तसं जाऊ दिलं.

बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग खुंटीवरचा दांडा काढून बोनेटवरून माझ्यापुढे धरला.

"तू सांग."

दांडा मी कानाला लावला. दातांच्या खुणा होत्या त्याच्या टोकाला. घरघर तर होतीच, पण तिच्याखाली आणखी काही आहे की नाही, ते मला ठरवता येईना. मी म्हटलं, "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग." आणि बरोबर आहे का ते कळावं म्हणून सवयीने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं.

ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.